श्वानफलमीमांसा : काटेवाडी खंड

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, अधिकारी, संबंध आणि प्रयोजन सांगायचा दंडक आहे. इथे विषय फळ. अधिकारी कुत्रा (सरकारी अर्थ अभिप्रेत नाही). संबंध म्हणजे आपण फळ चिरताना त्यानं लावलेली टक, आणि प्रयोजन म्हणजे ती टक आपल्याला न सोसणं. क्षेत्र काटेवाडी, कारण तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरला निघाली की इथे धोतरांच्या पायघड्या पडतात आणि मेंढ्यांचं रिंगण होतं. मेंढ्यांना एवढा मान, आणि त्यांची रात्रभर राखण करणाऱ्याच्या नावानं काहीच नाही. निदान एक प्रबंध तरी हवा.

पूर्वपक्ष म्हणतो, कुत्रा मांसाहारी, त्याला फळ कशाला? हा पक्ष २०१३ सालीच लंगडा झाला. त्या वर्षी ‘नेचर’मधल्या संशोधनानं दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. आपल्या भाकरतुकड्याची नोंद त्याच्या रक्तात झाली आहे. त्याला गोडही कळतं. मांजराला कळत नाही, तेव्हा केळ्यासमोरची तिची विरक्ती फारशी मनावर घेऊ नये. मात्र ‘जीवनसत्त्वासाठी देतो’ हे मालकांचं लाडकं कारण टिकत नाही; क जीवनसत्त्व कुत्र्याचं शरीर स्वतःच तयार करतं. फळ ही त्याची चैन आहे. चैनीचं सगळं खाणं मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्शात बसावं.

आता वर्गीकरण. केळं सोलून, कलिंगड बिया आणि साल काढून, पेरूचा नुसता गर : हे सात्त्विक. डाळिंब विषारी नाही, पण पोट बिघडवतं. सफरचंदाच्या बिया काढाव्यात, चावल्या गेल्या की त्यांतून सायनाइड सुटतं. चिकूच्या बीला टोकाशी आकडी असते. सीताफळाच्या बियांची पूड आपल्याकडे उवा मारायला वापरत आले आहेत, तेव्हा त्यांच्याबद्दल अधिक लिहीत नाही. आंब्याचा गर चालतो. खरा घोटाळा कोयीचा. आपण ती चोखून उकिरड्यावर टाकतो, तो आख्खी गिळतो, ती आतड्यात अडकते आणि मग पोट फाडून काढावी लागते.

आता मुख्य प्रमेय : द्राक्ष.

‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ ही म्हण आजवर वैफल्याच्या खात्यात टाकली गेली. हा कोल्ह्यावर अन्याय आहे. कुत्र्यांची मूत्रपिंडं द्राक्षांनी का निकामी होतात, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षाचा आंबटपणा बराचसा त्याचाच. कोल्हा कुत्र्याच्याच कुळातला. म्हणजे इसापाच्या कोल्ह्यानं वेलीखाली उभं राहून जे सांगितलं ते रासायनिक पृथक्करण होतं! (खरे कोल्हे बागेत शिरून द्राक्षं खातात, हा आक्षेप जागेअभावी विचारात घेतलेला नाही.) हेच आम्ल चिंचेतही भरपूर, म्हणून चिंचही वर्ज्य.

काटेवाडीशेजारच्या इंदापूर तालुक्यात, बोरीसारख्या द्राक्षांच्या गावांत, हा प्रश्न पुस्तकी नाही. माल पॅकिंगला आला की बायका घड हातात धरून कात्रीनं खराब मणी काढतात. मणी खाली टपटपतात आणि कुत्रा तिथंच पसरलेला असतो. ‘आमच्या मोत्यानं अर्धा घड खाल्ला, काही झालं नाही’ हा युक्तिवाद अशाच ठिकाणी ऐकू येतो. पण आम्लाचं प्रमाण वाणानुसार आणि पिकण्यानुसार बदलतं, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. मोत्या वाचला, एवढंच सिद्ध होतं. बेदाणा तर आटवलेलं द्राक्षच. सत्यनारायणाच्या शिऱ्याचा द्रोण अंगणात ठेवणाऱ्या भाविकांनी नोंद घ्यावी.

खाल्लंच, तर उलटीची वाट पाहू नका. मूत्रपिंडाची हानी एक ते तीन दिवसांत उघड होते, आणि लघवी बंद झाल्यावर फारसं हाती राहत नाही. मिठाचं पाणी पाजू नका. किती मणी, केव्हा खाल्ले, एवढं लक्षात ठेवा आणि कुत्र्याला लगेच गाडीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.