सूर्य आहे, लाईट नाही

बंगलेवाले : म्हणजे तुमचं म्हणणं, यात काहीही बिघाड नाही?

लाईटवाला : काही नाही.

बंगलेवाले : छपरावर सहा पॅनल. त्यांच्यावर मे महिन्यातलं ऊन. भर दुपारी बारा वाजता पंखा बंद, फ्रिज बंद, मोटार बंद. आणि बिघाड नाही?

लाईटवाला : बिघाड असता तर चालू राहिलं असतं, साहेब.

बंगलेवाले : हे बघा, मला नीट तांत्रिक भाषेत सांगा. मी इंजिनिअर आहे.

लाईटवाला : कशातले?

बंगलेवाले : सॉफ्टवेअर. आता निवृत्त.

लाईटवाला : मग जरा सावकाश सांगतो. हा तुमचा इन्व्हर्टर ऑनग्रिड. याला स्वतःची अक्कल नाही, हा लाईनकडं बघून चालतो. बाहेरच्या तारेत २३० व्होल्ट आहेत, ५० हर्ट्झ आहेत, असं दिसलं की हा पॅनलची वीज आत सोडतो. तार मेली की दोन सेकंदांच्या आत हा पण गप्प. असाच बनवलाय.

बंगलेवाले : पण सूर्य कुठे गेलाय?

लाईटवाला : सूर्य आहे. लाईट नाही.

बंगलेवाले : अहो, सोलर घेतलं ते लाईट जाते म्हणून!

लाईटवाला : आणि सोलर चालतं ते लाईट असते म्हणून.

बाई : थांबा, मला एकदा समजू दे. रात्री लाईट गेली की सोलर नाही, कारण सूर्य नसतो.

लाईटवाला : बरोबर.

बाई : दिवसा लाईट गेली की सोलर नाही, कारण लाईट नसते.

लाईटवाला : बरोबर.

बाई : मग हे असतं तरी कधी?

लाईटवाला : लाईट असते तेव्हा, मॅडम.

बाई : तेव्हा लाईट असतेच की!

लाईटवाला : म्हणून तर बिल कमी येतं.

बंगलेवाले : तो विकायला आलेला मुलगा हे काही बोलला नाही. टॅबलेट घेऊन आला होता. त्यात सूर्य होता, सूर्यातून बाण निघून घरात येत होते, घरात एक बाई हसत होती.

बाई : मी विचारलं होतं त्याला, लाईट गेल्यावर काय म्हणून. तो म्हणाला, आधी सबसिडीचं बोलू.

लाईटवाला : सगळे तेच बोलतात. २०२४ च्या फेब्रुवारीत सूर्यघर योजना आली, तेव्हापासून पौडपासून ताम्हिणीपर्यंत हिशोब पाठ आहे सगळ्यांना. पहिल्या दोन किलोवॅटला तीस-तीस हजार, तिसऱ्याला १८, झाले ७८ हजार. त्याच्यावर काही नाही. बॅटरीवर त्यातला एक रुपया नाही, म्हणून बॅटरीचं नाव कुणी काढत नाही.

बंगलेवाले : तीन किलोवॅट आहेत माझे. उन्हाळ्यात दिवसाला बारा युनिट निघतात. अ‍ॅपवर आलेख येतो, मी कोथरूडला बसून बघतो.

लाईटवाला : आणि इथं कोण राहतं?

बंगलेवाले : शनिवार-रविवार आम्ही.

लाईटवाला : म्हणजे सोमवार ते शुक्रवार तुमची वीज मीटरमधून बाहेर पडती आणि डीपीवर जे पहिलं घर भेटेल तिथं शिरती. ते घर माझं. पाच दिवस तुमच्या पॅनलवर माझी गिरणी चालती. छान दळती.

बंगलेवाले : त्याचे युनिट माझ्या खात्यावर जमा होतात!

लाईटवाला : होतात ना. ३१ मार्चपर्यंत वापरून टाकायचे असतात. शनिवारी एवढा एसी लावता, तरी संपत नाहीत तुमचे. एक विचारू का? हे पॅनल धरणाकडं तोंड करून का बसवलेत?

बंगलेवाले : लेक-फेसिंग आहे आपला बंगला.

लाईटवाला : बंगला ठीक आहे. पॅनलला व्ह्यू कशाला लागतो? त्याला दक्षिण दाखवायची. आणि त्या कोपऱ्यातल्या पॅनलवर पाण्याच्या टाकीची सावली पडती. सगळे पॅनल एका माळेत ओवलेले. एकावर सावली पडली की बाकीच्यांना पण ओढती.

बाई : टाकी यांनीच तिथे ठेवायला लावली. खालून दिसू नये म्हणून.

(या घरात दिसणं आणि न दिसणं याला फार महत्त्व आहे. मीटरच्या पेटीवरसुद्धा वारली चित्रं काढलेली आहेत.)

बंगलेवाले : बरं, सोलरचं राहू दे. जिन्याखाली माझा जुना इन्व्हर्टर आहे, बॅटरी आहे. तो लाईट गेल्यावरच चालतो ना? तो का गप्प?

लाईटवाला : बघू.

(सगळे जिन्याखाली वाकतात. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकावर निळसर-पांढरा भुगा इतका माजलाय की वायर कुठे संपते आणि भुगा कुठे सुरू होतो ते कळत नाही. सहा झाकणांतले सहाही दांडे खाली बसलेत, लाल खुणेच्याही खाली. लाईटवाला एक झाकण काढून टॉर्च मारतो. आत प्लेटा कोरड्या उघड्या दिसतात.)

लाईटवाला : यात पाणी शेवटचं कधी घातलं?

बंगलेवाले : दिवाळीत. मीच घातलं.

लाईटवाला : कुठलं?

बंगलेवाले : बोअरचं. एकदम शुद्ध आहे, आम्ही पितो.

लाईटवाला : तुम्ही प्या. बॅटरीला डिस्टिल्ड लागतं. बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटांवर बसतात आणि तिथंच मुक्काम करतात. हे हायड्रोमीटर बघा. भरलेल्या बॅटरीत तरंगून १,२४०-१,२५० दाखवतं. हे बुडालंच. १,१०० च्या खाली.

बाई : मग आता?

लाईटवाला : टोकं गरम पाणी आणि खायच्या सोड्यानं धुऊन व्हॅसलीन लावतो. तेवढ्यानं तोंड स्वच्छ होईल. पोट खराब आहे ते आहेच. आणि यावर चालवता काय काय?

बंगलेवाले : फार नाही. दिवे, पंखे, फ्रिज, वायफाय. कधीतरी मिक्सर.

बाई : आणि इंडक्शन.

बंगलेवाले : चहापुरती!

लाईटवाला : इंडक्शन २,००० वॉट. ही बॅटरी दीडशे अँपिअर-अवर, १२ व्होल्ट. गुणाकार करा, १,८०० वॉट-अवर. कागदावर. त्यातली निम्मीच काढायची असती, नाहीतर लवकर मरती. म्हणजे ९००. पंखा ७५ वॉटचा, दिवा नऊचा. दोन पंखे, चार दिवे लावून बसलात तर संध्याकाळ निघून जाईल आरामात. पण चहा...

बंगलेवाले : आणि मोटार? एकच हॉर्सपॉवर आहे.

लाईटवाला : एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, ते चालताना. सुरू होताना त्याच्या कितीतरी पट करंट खेचती. तुमचा इन्व्हर्टर त्या वेळी टी-टी करून ओरडत असेल ना?

बाई : ओरडायचा. यांनी त्याच्या स्पीकरवर चिकटपट्टी लावली.

(लाईटवाला चिकटपट्टी बघतो. काही बोलत नाही. त्याच्या धंद्यात हे बसतं.)

बंगलेवाले : ठीक आहे. उपाय सांगा.

लाईटवाला : हायब्रिड इन्व्हर्टर, लिथियमची बॅटरी. लाईन गेली की तो आधी बाहेरची तार तोडतो, मग घराचं वेगळं बेट करतो आणि पॅनल त्या बेटापुरते चालवतो. पैसे मात्र खिशातले.

बंगलेवाले : परत लाखभर घालू? त्यापेक्षा माझं एक डोकं चाललंय. हा जो लाईन बघून बंद पडतो तो काय, एक सेन्सरच ना? त्याला फसवता येईल. जनरेटर भाड्याने आणायचा, दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करायची, प्लगमध्ये घातली की याला वाटणार लाईट आली. सूर्य आहेच!

लाईटवाला : नाही.

बंगलेवाले : का नाही? सर्किट बरोबर आहे.

लाईटवाला : सर्किट बरोबर आहे म्हणूनच नाही. मेनस्विच बंद करायला विसरलात की ती वीज मीटरमधून उलटी डीपीत जाणार, ट्रान्सफॉर्मरमधून चढून ११,००० व्होल्ट होणार, आणि तारेवर जो कुणी असेल त्याला भेटणार.

बंगलेवाले : मी विसरणार नाही.

लाईटवाला : चिकटपट्टी कुणी लावली?

बंगलेवाले : उगाच वडाची साल पिंपळाला लावू नका. आणि भर दुपारी तारेवर असणार कोण?

लाईटवाला : माझा मावसभाऊ. आत्ता. वळणाजवळच्या खांबावर. काल वळवाच्या वाऱ्यात आंब्याची फांदी तारेवर पडली, ती काढतोय. हातमोजे असतील, अर्थिंगची साखळी टाकली असेल, सगळं नियमानं. पण लाईन मेलीये या भरवशावर तो वर आहे. तुमचा इन्व्हर्टर बारा वाजता बंद पडला ना, तो त्याच्यासाठी बंद पडलाय. तुमच्या पंख्यापेक्षा महत्त्वाचं काम करतोय तो.

बाई : अहो, राहू द्या ती वायर.

बंगलेवाले : मी फक्त विचारलं! विचारायचीही चोरी? मुळात हा प्रश्न येतोच का? या गावात लाईट टिकत नाही म्हणून. वारा आला, गेली. पाऊस आला, गेली. एवढं मोठं धरण उशाला!

लाईटवाला : धरण कशासाठी आहे माहितीये का?

बंगलेवाले : पाण्यासाठी.

लाईटवाला : विजेसाठी. टाटांचं आहे. पाणी डोंगरापलीकडं सोडतात, खाली कोकणात भिऱ्याला १९२७ पासून त्याची वीज होती. ती मुंबईला जाती. आधी तिथल्या गिरण्यांना गेली, लोकलला गेली. मुळशीतली गावं पाण्याखाली गेली त्यासाठी. १९२१ ला मावळे सत्याग्रहाला बसले, बापटांना ‘सेनापती’ इथंच म्हणायला लागले, तीन वर्षं चाललं, लोक तुरुंगात गेले. धरण झालंच.

बंगलेवाले : शंभर वर्षांपूर्वीचं काय काढताय? मी सोलरबद्दल बोलतोय.

लाईटवाला : मी पण. आमचं पाणी जातं, वीज होती, तिकडं दिवे लागतात. इकडं फांदी पडली की माणूस खांबावर चढवायचा. आता तुम्ही म्हणता, तो वर असला तरी माझा पंखा फिरला पाहिजे.

बंगलेवाले : मी धरण बांधलं का?

लाईटवाला : नाही. तुम्ही त्याचा व्ह्यू घेतलात.

बंगलेवाले : कायदेशीर घेतलाय! एनए प्लॉट आहे! आणि विकला कुणी? तुमच्याच गावातल्यांनी विकला ना?

लाईटवाला : माझ्या चुलत्यानं विकला.

बंगलेवाले : मग?

लाईटवाला : मग काही नाही. तो पण शनिवारी येतो. त्याच्याकडं सोलर नाही.

बाई : आली! अहो, लाईट आली! मीटरवर लाल दिवा लुकलुकतोय.

बंगलेवाले : मग सोलर का सुरू होत नाही?

लाईटवाला : लाईन टिकती का बघतोय तो. उलटे आकडे मोजतोय बघा. २८०... २७९... शून्य आलं की चालू.

बंगलेवाले : लाईट आली तरी थांबायचं? आता तर लाईटही आहे, सूर्यही आहे!

लाईटवाला : त्याला घाई नसती.

बंगलेवाले : बरं, तुमचे किती झाले?

लाईटवाला : आलो त्याचे तीनशे. बॅटरी धुतली ते धरून पाचशे.

बंगलेवाले : पाचशे? काही बिघडलेलं नाही हे सांगायचे?

लाईटवाला : बिघडलंय म्हटलो असतो तर पाच हजार झाले असते.

बंगलेवाले : ऑनलाइन पाठवतो... थांबा, वायफाय अजून... हं, आलं. नंबर सांगा.

बाई : गेली.

बंगलेवाले : काय गेली?

बाई : लाईट. मीटरवरचा दिवा गेला. आणि ते आकडे पण गेले.

लाईटवाला : ट्रायल घेतली असंल त्यानं. दुसरा फेज राहिला असंल.

बंगलेवाले : मग जरा फोन करून विचारा ना भावाला, अजून किती वेळ?

लाईटवाला : वर असला की तो फोन उचलत नाही.

बंगलेवाले : खाली उतरल्यावर विचारा.

लाईटवाला : खाली उतरतो तेव्हा लाईट आलेली असती, साहेब. मग विचारायचं काय?