चारही कोपरे शाबूत

जुना संग्राहक उपद्रवी नसतो. आपल्याकडे काय आहे हे तो सांगतच नाही. सांगितलं की एक तर मागणारे येतात नाहीतर चोर, हे त्याला पुरतं ठाऊक असतं. उपद्रव असतो तो नव्याचा. ज्यानं नुकतंच जमवायला घेतलंय, ज्याचा अख्खा संग्रह पोळ्यांच्या पितळी डब्यात मावतो आणि पाहुण्यांसमोर तो डबा उघडल्याशिवाय ज्याला जेवण जात नाही, तो. तुमच्या नात्यात असा एक असणारच. नसलाच तर आमचे साडू, नाना, घेऊन जा. एसटीचं तिकीट मी काढतो.

नाना सोनगीरचे. धुळ्याहून आग्रा रोडनं शिरपूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर उजाड टेकडीवरचा किल्ला दिसतो आणि खाली हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. इथले हंडे-कळश्या घेऊन खान्देशातल्या किती पोरी सासरी गेल्या याची गणती नाही. नानांचंही भांड्यांचंच दुकान. त्यामुळे “नाना हल्ली पेले जमवायला लागलेत” असं बायकोनं सांगितलं तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. भांडीवाला पेले जमवणार नाही तर काय पुस्तकं? पण हे पेले पाणी प्यायचे नव्हते. ब्राझीलचे होते.

2022 च्या डिसेंबरात, 29 तारखेला, पेले गेले. त्या आठवड्यात जो तो मोबाइलवर त्यांच्याबद्दल काहीतरी वाचत होता. बाकीच्यांनी तीन विश्वचषक वाचले, हजारावा गोल वाचला, हळहळले आणि कामाला लागले. नानांनी वाचला तो भाव. 1958 साली विश्वचषक स्वीडनमध्ये झाला, तेव्हा तिथल्या आलिफाबोलागेट नावाच्या कंपनीनं खेळाडूंची छोटी चित्रकार्डं काढली. त्यातल्या 635 क्रमांकावर सतरा वर्षांचं ब्राझीलचं एक पोरगं होतं. त्या कार्डाची एक उत्तम प्रत 2022 मध्येच लिलावात तेरा लाख डॉलरच्या वर गेली. नानांनी कॅल्क्युलेटर काढला. दहा कोटींच्या आसपास! तळहातावर मावणारा पुठ्ठा!

“सहाशे पस्तीस,” नाना मला म्हणाले. पुढे कितीतरी दिवस ते फोन उचलल्यावर ‘हॅलो’च्या जागी काय म्हणतील याची मला धास्ती होती.

अर्थात 635 काही मिळणार नव्हतं. मग नानांनी परवडतील अशी, म्हणजे आक्कांना, त्यांच्या बायकोला, न कळता परवडतील अशी, पेलेंची इतर जुनी कार्डं शोधायला सुरुवात केली. पहिलं कार्ड आलं तेव्हा आबांनी, म्हणजे नानांच्या वडिलांनी, ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, “येनं वजन कितलं शे?”

प्रश्न रास्त होता. आबांचं आयुष्य तराजूपुढे गेलं. तांबं असो, पितळ असो, नवं असो की मोड, वस्तूची किंमत काट्यावर ठरते. हंड्याला पोचा आलाय, बूड बसलंय, काठ फाटलाय, तरी मोडीत वजन तेवढंच भरतं. आबांनी कार्ड काट्यावर ठेवलं. काट्यानं शून्य दाखवलं. केवढ्याला घेतलं ते नानांनी दबक्या आवाजात सांगितलं.

“शून्यना चार हजार?” आबा म्हणाले आणि त्या दिवसापासून गल्ल्याची किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधू लागले.

पण खरा उपद्रव सुरू झाला तो नानांना ग्रेडिंग कळल्यावर. अमेरिकेत पीएसए नावाची एक कंपनी आहे. तिच्याकडे कार्ड पाठवलं की तिथले तज्ज्ञ ते भिंगाखाली धरतात, कडा बघतात, पृष्ठभाग बघतात, चित्र चौकटीच्या बरोबर मध्ये छापलंय का ते बघतात, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे कोपरे बघतात. मग दहापैकी गुण देऊन कार्ड कडक प्लॅस्टिकमध्ये कायमचं बंद करतात. नऊ आणि सहा यांच्यात कधी कधी एका बंगल्याचं अंतर असतं. नानांनी हे शास्त्र वाचलं आणि त्यातला नेमका एकच शब्द उचलला. कोपरा.

“कोपरा गेला की भाव गेला, साडूभाऊ.”

तेव्हापासून या माणसाला जगात कोपऱ्यांखेरीज काही दिसेनासं झालं. दिवाळीत आक्कांनी शंकरपाळ्यांचं ताट पुढे केलं. कुठलाही सभ्य माणूस मूठभर उचलतो. नाना एकेक उचलून उजेडात धरत होते. चारही कोपरे धारदार असलेली एका वाटीत, बोथट दुसऱ्या वाटीत. “ही नऊची, ही सहाची.” सहाची पाहुण्यांना दिली. पाहुणे म्हणजे मी.

पुतणीच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. घरातल्या बायका रीतीप्रमाणे पाटावर बसून एकेका पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावत होत्या. नाना बाहेरून आले, त्यांनी ते दृश्य पाहिलं आणि दारातच मटकन बसले. “अगं, चारही कोपरे! चारही कोपरे घालवले!” आक्कांना वाटलं, व्याह्यांकडून काही निरोप आला. शेवटी पाच पत्रिका कोऱ्या ठेवण्यावर तडजोड झाली. त्या पाच अजून डब्यात आहेत. लग्न मोडलं असतं तरी पत्रिका दहापैकी दहाच्या राहिल्या असत्या.

यावर कडी म्हणजे आबांचा प्रसंग. परदेशातून आलेल्या एका पाकिटात कार्डाचा एक कोपरा चक्क फाटका निघाला. नाना ओट्यावर डोक्याला हात लावून बसलेले, हातात ते कार्ड. आता, आबांच्या पिढीत कोपरा फाडलेलं कार्ड पोस्टानं आलं तर त्याचा एकच अर्थ असे. मजकूर वाचायच्या आधीच बायका रडायला लागत. आबांनी लांबूनच तो कोपरा पाहिला.

“कोन वारनं रे?”

“पेले,” नाना हुंदका गिळत म्हणाले.

“कोन गावना?”

“ब्राझीलचे.”

आबांना गाव लागलं नाही. पण नात्यात कुठल्या पोरीला कुठे दिली हे हल्ली कुठे लक्षात राहतं? त्यांनी निमूटपणे न्हाणीघरात जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं.

कार्डाच्या दहा कोटींची गोष्ट गावात फुटली तेव्हा नानांकडे रीघ लागली. कुणी काडेपेटीचे छाप आणले, कुणी तुळजापूरचा जुना फोटो, कुणी आजोबांचं बहात्तरच्या दुष्काळातलं रेशनकार्ड. नानांनी ते रेशनकार्ड भिंगाखाली धरलं. कोपरे एकदम शाबूत. नानांनी ते परत केलं. “दुष्काळातलं रेशनकार्ड आणि कोपरे शाबूत? म्हणजे वापरायची वेळच आली नाही. दुकानात धान्य आलंच नसेल.” मला वाटतं, त्या दुष्काळावर एवढा नेमका अहवाल कुणी दिला नसेल.

नानांना फुटबॉल कळतो का? हे मी आकसानं म्हणत नाही, पण नाही. ते कोल्हापुरात जन्मले असते तर गोष्ट वेगळी. तिथे तालमी फुटबॉल खेळतात आणि विश्वचषक आला की चौकाचौकांत अर्जेंटिना-ब्राझीलचे फलक लागतात. खान्देशात चेंडूला पायानं मारणं म्हणजे क्षेत्ररक्षणातला आळस. नाना मोबाइलवर 1970 चा अंतिम सामना बघतात. ब्राझील 4, इटली 1. पेले डोक्यानं पहिला गोल मारतात. शेवटी चेंडू अलगद उजवीकडे सोडतात आणि कार्लोस आल्बर्टो धावत येऊन तो जाळ्यात घालतो. सगळं जग या गोलापाशी श्वास रोखतं. नाना व्हिडिओ थांबवून मागे घेतात, कारण पेलेंचा सदरा कुठल्या क्षणी कार्डावरच्यासारखा दिसतो ते त्यांना बघायचं असतं. गोल झाला की नाही, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

एकच सामना त्यांना तोंडपाठ आहे. 24 सप्टेंबर 1977, कलकत्ता, ईडन गार्डन्स. न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाकडून खेळायला पेले भारतात आले. पावसानं मैदान भिजलेलं, समोर मोहन बागान, आणि सामना 2-2. पुढच्याच आठवड्यात, 1 ऑक्टोबरला, ते निवृत्तीचा सामना खेळले. “मी तेव्हा चौथीत होतो हो,” नाना अशा सुरात सांगतात, जणू पाचवीत असते तर गेले असते. त्या सामन्याचं एखादं तिकीट मिळावं म्हणून त्यांनी कलकत्त्याच्या एका विक्रेत्याशी हिंदीतून महिनाभर बोलणी केली. तिकिटाचा कोपरा फाटका आहे, या मुद्द्यावर ती फिसकटली. तिकीट फाडल्याशिवाय आत सोडत नाहीत, हे विक्रेत्यानं परोपरीनं समजावलं म्हणे.

नाना फसलेही. एकदा ‘अस्सल जुनं’ कार्ड आलं. छान पिवळसर, कडांना करपट झाक. नाना हरखले. आक्कांनी शेजारून जाता जाता ते नाकाला लावलं. “चहा आहे. बिनसाखरेचा.” मग नानांनी दुकानातल्या नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली ते धरलं. कागद ट्यूबलाइटसारखा लखलखला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून हल्ली त्यात जे रसायन घालतात ते त्या दिव्याखाली असं चमकतं. मग भिंगाखाली पाहिलं तर मूळ छपाईचे ठिपके नाहीत, संगणकानं छापलेली नक्कल. नानांना फसवणुकीचं दुःख होतंच. पण खरं दुःख सांगू? “कोपरे काय होते, साडूभाऊ!”

जुनी कार्डं चांगल्या स्थितीत का मिळत नाहीत, याला नानांच्या मते एकच कारण: पोरं. स्वीडनची पोरं, इटलीची पोरं, जर्मनीची पोरं. वहीत डिंकानं चिकटवली, खिशात कोंबली, अदलाबदलीत चुरगाळली. 1961 साली इटलीतल्या मोडेना शहरात पानिनी बंधूंनी फुटबॉलपटूंच्या चित्रांचे अल्बम काढायला सुरुवात केली, तेव्हापासून तर पोरांना चिकटवायचा परवानाच मिळाला, हे नानांचं मत. “कार्डं काढली होती तीच मुळी पोरांसाठी,” मी एकदा म्हणालो. नानांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यात मला साडेतीनच्या वर गुण नव्हते.

गेल्या हिवाळ्यात भरताच्या पार्टीला गेलो होतो. शेतात काट्याकुट्यांवर वांगी भाजून झाली, कळण्याच्या भाकरी झाल्या, मंडळी लवंडली, आणि नानांनी डबा काढला. हात तीनदा धुवायला लावून झाले. वरचंच कार्ड पाहून मी चकित झालो. चारही कोपरे गेलेले. मध्ये घडी. पाठीवर वाळलेला डिंक, आणि निळ्या शाईत कुणा पोराचं नाव, खाली इयत्ता असावी असा एक आकडा. पाठीवर लिहिलेलं कार्ड म्हणजे या धंद्यात कचराच. विकणाऱ्यानं ते जवळजवळ फुकट दिलं होतं.

“याला किती? एक?” मी डिवचलं.

“याला पाठवायचं नाही.”

नाना बराच वेळ वांग्याची देठं चुलाणात टाकत बसले. मग म्हणाले, “शाळेतून आलो की आबा मला नावं घालायला बसवायचे. लग्नाच्या भांड्यांवर. छिन्नी धरायची, टिंब टिंब करत जायचं. पोरीचं नाव, मामाचं नाव, तारीख. एक अक्षर चुकलं तर आबांची चापट. पुढे घरोघरी स्टील शिरलं आणि तीच भांडी मोडीत यायला लागली. आबा नाव वाचत नसत. काट्यावर टाकलं, वजन सांगितलं, पैसे दिले. मी वाचायचो. एकदा एक हंडा आला. टिंबं माझ्याच हातची, ‘ळ’ वाकडा. नवरा विकायला आला होता. ती बाहेर गाडीपाशी उभी होती, आत आली नाही. आबा म्हणाले, पाच किलो सहाशे.”

त्यांनी कार्ड उलटं करून ते निळं नाव उजेडात धरलं. “या पोरानं बघा कसं दाबून लिहिलंय. म्हणजे कुणी चोरू नये.”

नानांबद्दल बरं बोलायची मला सवय नाही, आणि ती या वयात लावून घ्यायची इच्छाही नाही. पण दहा कोटींच्या लोभानं निघालेला हा माणूस जाऊन पोहोचला तो एका परक्या पोराच्या शाईपाशी, आणि तिथे मात्र तो कोपरे बघायला विसरला, एवढं मला नोंदवणं भाग आहे. ज्या दुकानात वजनाखेरीज काही बोललं जात नव्हतं तिथे बसून एक पोरगं मोडीतल्या हंड्यांची नावं वाचत होतं, हे आमच्या लग्नाला इतकी वर्षं होऊन मला कुणी सांगितलं नव्हतं. आक्कांना तरी ठाऊक आहे की नाही कोण जाणे.

निघताना नाना मला फटफटीपर्यंत सोडायला आले. गावात वीज गेली होती. त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. जर्मनीत कुणाकडे तरी पेलेंचं एक कार्ड आहे, उद्यापर्यंतच मुदत आहे, आबांच्या करगोट्याची किल्ली तर मिळणार नाही, तेव्हा मी पाच हजार देऊ शकेन का, कपाशीचे पैसे आले की परत. मी दिले. साडू आहेत, आणि आता तर नाही म्हणणं फारच अवघड झालं होतं.

नानांनी मोबाइलच्या उजेडात एकेक नोट पाहिली. मग त्यातली एक पाचशेची मला परत केली.

“ही बदलून द्या. कोपरा दुमडलाय.”