सीसीटीव्हीवाला

चोरी झाली की पोलिसांच्याही आधी ज्याला फोन जातो, तो सीसीटीव्हीवाला. चोरीपूर्वी त्याला सहसा फोन जात नाही. कॅमेरे बसले की मालक निर्धास्त होतो, आणि त्या दिवसापासून कॅमेऱ्यांकडे बघणारे घरात कोणी उरत नाही. हा वर्ग इतर धंद्यांतून भरती झालेला आहे. कोणी पूर्वी केबल टीव्हीच्या तारा या गच्चीवरून त्या गच्चीवर टाकत असे, कोणी कॉम्प्युटर जोडून देत असे, तर कोणी साधा वायरमन होता.

त्याची ओळख पाठीवरच्या सॅकवरून पटते. तीत क्रिम्पिंगची पकड, मल्टिमीटर, काळी टेप, मूठभर बीएनसी कनेक्टर, डीसी पिना आणि एक माऊस असतो. माऊस स्वतःचा बाळगावा लागतो, कारण डीव्हीआरसोबत, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रासोबत, दिलेला माऊस गिऱ्हाइकाच्या मुलाने पहिल्याच आठवड्यात आपल्या कॉम्प्युटरला लावलेला असतो. शिडी गिऱ्हाइकाने द्यायची असा संकेत आहे. ती दीड फूट आखूड असावी, असाही असावा.

कामाची सुरुवात एका ठरलेल्या वाक्याने होते : ‘हे कुणी बसवलंय?’ उत्तराची अपेक्षा नसते. आधीच्या माणसाने केबल कशी वाया घालवली, जोड उघड्यावर कसा सोडला, हे सांगितल्याशिवाय डीव्हीआरचे झाकण उघडत नाही. क्वचित तो आधीचा माणूस तोच निघतो. अशा वेळी ‘तेव्हा मालच तसा यायचा’ हे उत्तर तयार असते.

बिघाडांचे प्रकार मोजके आहेत. सर्वांत साधा प्रकार म्हणजे प्लग. डीव्हीआरचा प्लग काढून तिथे कोणीतरी मोबाइल चार्जर लावलेला असतो, गणपतीत दिव्यांची माळ. प्लग परत लावला की दुरुस्ती संपते. पण नुसता प्लग लावून व्हिजिटचे पैसे मागणे प्रशस्त दिसत नाही. म्हणून सीसीटीव्हीवाला आधी मल्टिमीटर काढतो, दोन ठिकाणी टोचून पाहतो, ‘हं’ म्हणतो आणि मग प्लग लावतो.

दुसरा प्रकार कोळ्याचा. अंधारात दिसावे म्हणून कॅमेऱ्याभोवती इन्फ्रारेड दिवे असतात. त्यांच्याभोवती किडे येतात, किड्यांमागून कोळी येतो आणि भिंगासमोर जाळे विणतो. जाळ्यावरून प्रकाश उलटा फिरून पडदा पांढराफटक होतो. हालचाल दिसली तरच रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्रात तर रात्रभराच्या चित्रणाचे प्रमुख पात्र कोळीच असतो. यावर उपाय झाडू. तोही मल्टिमीटरनंतरच काढला जातो.

तिसरा प्रकार गूढ मानला जातो. कॅमेरा दिवसभर ठणठणीत चालतो आणि अंधार पडताच बंद होतो. सोसायटीचे सेक्रेटरी वॉचमनवर संशय घेतात, वॉचमन तिसऱ्या मजल्यावर घेतो आणि तिसरा मजला अमावास्या मोजतो. कारण विजेचे असते. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त करंट ओढतो. तार लांब आणि बारीक असली किंवा कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस थकलेला असला, तर १२ व्होल्ट शेवटच्या कॅमेऱ्यापर्यंत पुरे पोचत नाहीत. कॅमेरा बंद पडतो, भार हलका होताच पुन्हा सुरू होतो, दिवे लागतात, पुन्हा बंद पडतो. एसएमपीएस बदलला की गूढ संपते. सेक्रेटरींचा संशय संपत नाही.

चौथा प्रकार तारखेचा. डीव्हीआरमध्ये नाण्याएवढे बॅटरीचे बटण असते. ते संपले आणि वीज गेली की अनेक यंत्रे १ जानेवारी २००० या दिवशी पोचतात. मग काल रात्री झालेली चोरी पडद्यावर पंचवीस वर्षांपूर्वीची दिसते आणि चोराचे वय पाहता त्या वेळी तो जन्मलेलाही नसतो.

हंगाम पावसाळ्याचा. मृगाच्या पहिल्या कडकडाटात डीव्हीआरचे पोर्ट जळतात, उघड्या जोडांत पाणी शिरून कनेक्टर हिरवे पडतात आणि सीसीटीव्हीवाल्याचा फोन ‘दोन मिनिटांत पोचतो’ या वाक्यावर अडकून बसतो.

गिऱ्हाइकांची त्याच्याकडून सर्वांत मोठी अपेक्षा टीव्हीवरच्या पोलिसी मालिकांनी घडवली आहे. ‘जरा झूम करा, नंबर दिसेल.’ नंबर दिसत नाही आणि त्याचा हिशेब साधा आहे. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १९२० ठिपके असतात. नेहमीच्या रुंद भिंगातून चाळीस फुटांवर सुमारे वीस मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, म्हणजे मीटरमागे शंभराच्या आत ठिपके. मोटारसायकलच्या २० सेंटिमीटरच्या पाटीला त्यांतले वीससुद्धा येत नाहीत, आणि तिच्या एका ओळीत साधारण पाच अक्षरे. एका अक्षराला आडवे तीन-चार ठिपके. एवढ्यात रांगोळीही निघत नाही. तरीही सीसीटीव्हीवाला झूम करतो, गिऱ्हाईक मान वाकडी करून ‘तीन आहे की आठ?’ विचारते, आणि दोघे मिळून शेजाऱ्याच्या गाडीचा नंबर वाचतात.

दुसरा हिशेब साठवणीचा. एका कॅमेऱ्याला सेकंदाला दोन मेगाबिट धरले तरी दिवसाला सुमारे साडेएकवीस जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांनी १ टीबीची हार्ड डिस्क सहा दिवसांच्या आत भरते, मग जुने पुसून त्यावर नवे चढते. चारधाम करून पंधरा दिवसांनी परतलेल्या कुटुंबाला कुलूप तुटलेले दिसते. डिस्कवर मात्र शेवटच्या पाच-सहा दिवसांत अंगणात झोपलेले मांजर असते, उत्तम प्रतीत.

कायद्याने या माणसाची पत अनपेक्षितपणे वाढवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्याचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. एरवी ‘ओ कॅमेरेवाले’ अशी हाक मारणारा मालक त्या दिवशी त्याला खुर्ची देतो. पोलीसही त्याचे गिऱ्हाईक आहेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये देशातील सर्व पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण १८ महिने जपण्याचा आदेश दिला. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखावर टाकली. त्यामुळे कोळ्याचे जाळे काढायला तो पोलीस ठाण्यातही जातो. तिथे व्हिजिटचे पैसे मागताना आवाज थोडा खाली येतो.

वार्षिक देखभालीचा करार तो सर्वांना सुचवतो. ‘सगळं चालू तर आहे’ असे म्हणून तो नाकारला जातो. चालू असते ते लाइव्ह. हार्ड डिस्क गेली तरी पडद्यावर चित्र दिसतच राहते, फक्त साठत काहीच नाही. डीव्हीआर टीं टीं करून हे सांगत असतो. तो आवाज झोपमोड करतो म्हणून घरच्यांनी सेटिंगमध्ये जाऊन बंद केलेला असतो. मग चोरीनंतर सीसीटीव्हीवाला डीव्हीआर उघडतो, डिस्क कानाशी धरून हलवतो आणि म्हणतो, ‘ही तर दिवाळीतच गेलीय.’ हे वाक्य ऐकायचे नसेल, तर कॅमेरा असलेल्या प्रत्येकाने आज एकदा कालच्या दुपारचे रेकॉर्डिंग लावून पाहावे.