मुक्काम पोस्ट तीस महिने

कळव्यात कुणाला किचकट फॉर्म भरायचा असला की तो आधी स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो आणि झेरॉक्सवाला त्याला माझ्याकडे पाठवतो. चौतीस वर्षं कचेरीत बसून मी लोकांच्या अर्जांत चुका काढल्या. आता निवृत्तीनंतर त्याच चुका होऊ नयेत म्हणून फुकट सल्ला देतो. रेशनकार्डात सून चढवणं, सासरे उतरवणं, वारसनोंद, नावातला एक 'ए' कमी करणं, सगळं येतं. 'लागू नाही' हे दोन शब्द मी ज्या डौलात लिहितो, त्या डौलात लोक सहीसुद्धा करत नाहीत. त्यामुळे ताईच्या मुलाच्या अमेरिकेतल्या मुदतवाढीचं निघालं, तेव्हा कुणी विचारण्याआधीच मी चष्मा पुसून बसलो होतो.

भाचा गुरुजी आहे. गणेश चतुर्थीला पहाटे चारपासून स्कूटरवर खारीगाव ते विटावा करत मूर्तींची प्रतिष्ठापना करत फिरणारा हा मुलगा तिकडच्या एका देवळात पुजारी म्हणून गेला. त्याचा व्हिसा आर-१, म्हणजे 'रिलिजस वर्कर'. मी ताईला भाषांतर करून सांगितलं, "धार्मिक कामगार." तिच्या यजमानांची हयात कारखान्यात गेलेली. ती लगेच म्हणाली, "कामगार? मग बोनस असतो का रे?"

बायको आणि मुलगी आर-२ वर. एका वेळी जास्तीत जास्त ३० महिने, वाढवून आणखी ३०, आणि ५ वर्षं भरली की गाशा गुंडाळायचा. अर्ज गुरुजींनी करायचा नसतो, देवळानं करायचा. त्याचा फॉर्म आय-१२९. बायकामुलांचा निराळा, आय-५३९. हे आकडे मी पाढ्यांसारखे पाठ केले आणि संध्याकाळी कट्ट्यावर सहज म्हणून फेकायला लागलो. 'आय-पाचशे एकोणचाळीस' ऐकून एकानं हळूच विचारलं, "जामीन मिळतो ना त्यात?"

देवळाच्या वकिलाला भाच्याच्या कामाचं वर्णन हवं होतं. आठवड्याला सरासरी २० तास तरी धर्मकार्य होतं, हे दाखवायचं असतं. मी नऊ पानं लिहिली. काकड आरतीपासून शेजारतीपर्यंत. नव्या गाडीच्या चाकाखाली ठेवायच्या लिंबाला इंग्रजीत लाईम म्हणायचं की लेमन, यात एक अख्खी दुपार गेली. शिवाय व्हिसा मागण्याआधीची निदान दोन वर्षं माणूस त्याच धर्मपंथाचा सभासद असावा लागतो. त्याचे जुने पुरावे पुन्हा एकदा गोळा करायचे ठरले. आता आपण सोसायटीचे सभासद असतो, पतपेढीचे असतो. धर्माची वर्गणी भरल्याची पावती घरात शोधली, तर सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाची निघाली, तीही रुपये एकशे एक फक्त, आणि मागे वाणसामानाचा हिशेब.

इथे थोडं विषयांतर करतो. थोडं म्हणजे दोनशे वर्षांचं. कट्ट्यावर हे सुरू केलं की लोकांना घरचा कुकर आठवतो, पण तुम्हांला उठून जाता येणार नाही.

१८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. आधी कलकत्त्यातून हाकललेले. कंपनी सरकारच्या मुलखात परवान्याशिवाय धर्मोपदेशकाला थारा नव्हता. त्यात इंग्लंड-अमेरिकेचं युद्ध पेटलेलं, म्हणजे हे शत्रुराष्ट्राचे नागरिक. गव्हर्नर सर इव्हान नेपियन माणूस मनानं बरा, पण वरून हुकूम आला, यांना परत पाठवा. या दोघांनी काय करावं? अर्ज केले, विनंत्या केल्या, आणि शेवटी गुपचूप जहाजात बसून कोचीनला पळाले! तिथून धरून त्यांना परत मुंबईत आणलं. पुन्हा अर्ज, पुन्हा विनंत्या. अखेर राहायची परवानगी मिळाली. हॉल मराठी शिकला, या मुलखातच राबला आणि १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनं गेला. आज आमचं पोरगं त्यांच्या देशात 'आणखी थोडं राहू द्या' म्हणतंय, तेव्हा अमेरिकनांनी आमच्या मुंबईत तेच म्हटलं होतं. ही फिट्टंफाट मला इतकी आवडली, की नऊ पानांना मी हॉलसाहेबांवर एक दहावं पान जोडलं. दोघं पळाले तेव्हा नॉटची बायको मुंबईतच मागे राहिली होती. तिच्या आय-५३९ चं काय झालं, याची इतिहासाला फिकीर नाही. खरं तर तेव्हा मलाही नव्हती.

विषय निघालाच आहे तर मनमाडही सांगून टाकतो. तिथे फादर व्हिन्सेंट फेरर नावाचे स्पॅनिश जेझुइट होते, १९५२ साली भारतात आलेले. दुष्काळी शेतकऱ्यांच्या विहिरी, शेती यांच्यामागे लागलेले. सरकारला त्यांचा संशय आला आणि १९६८ साली त्यांना देश सोडायचा हुकूम झाला. तेव्हा हजारो शेतकरी मनमाडहून मुंबईकडे चालत निघाले. मुदतवाढीचा अर्ज इतक्या पायांनी लिहिलेला मी दुसरा पाहिला नाही, आणि मी अर्ज पुष्कळ पाहिलेत. इंदिरा गांधींनी मधली वाट काढली, थोडे दिवस बाहेर जाऊन या. १९६९ मध्ये ते परत आले, पण आंध्रात, अनंतपूरला. तिथेच २००९ साली गेले. मनमाडच्या विहिरी मनमाडला राहिल्या.

झालं विषयांतर.

आय-५३९ मध्ये भाचेसुनेची माहिती भरायची होती. कच्चा मसुदा मीच केला. ती इथे एका क्लासमध्ये नववी-दहावीला गणित शिकवायची. परीक्षेच्या दिवसांत तिच्या दारात चपलांना जागा नसायची. आर-२ वर शिकता येतं, कमावता येत नाही. म्हणून नोकरीच्या रकान्यात मी माझ्या खास वळणानं लिहिलं, 'लागू नाही'. मसुद्याचा फोटो तिकडे गेला. रात्री व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "मामा, अक्षर किती सुंदर आहे हो तुमचं." मागे ओट्यावर तिनं देवळासाठी वळलेले दीडशे मोदक मांडलेले होते. त्याला परवानगी लागत नाही. पैसे मिळत नसले की ते काम धरत नाहीत. त्या रात्री पहिल्यांदा मला माझं अक्षर आवडलं नाही. सगळ्या सरकारांना, आणि आमच्यासारख्या त्यांच्या कारकुनांना, बाईच्या पुढ्यातला रकाना रिकामा ठेवायची केवढी हौस!

वकिलानं माझ्या दहा पानांतली एक ओळ ठेवली, २० तासांची. हॉलसाहेब परत समुद्रात. तरीही मुदतवाढ आली. पूर्ण ३० महिने! मी पेढे घेऊन ताईकडे गेलो. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला सांगितलं, "आपणच केलं."

ताईनं पेढा देवापुढे ठेवला आणि विचारलं, "म्हणजे अजून अडीच वर्षं यायचे नाहीत?"

मी समजावलं. येता येतं, पण परत जाताना पासपोर्टवर नवा शिक्का घ्यावा लागतो. तो अडकला तर देऊळ तिकडे, गुरुजी इकडे. म्हणून जोखीम नको. ती "बरं" म्हणाली आणि कालनिर्णयाचं पान उलटून मागचे आकडे बघत बसली. नात पाच वर्षांची आहे. तीस महिन्यांनी तिचे पुढचे दात आलेले असतील.

नोव्हेंबरात आम्ही भावंडं हयातीचा दाखला द्यायला एकत्रच बँकेत जातो. माझी पेन्शन, तिची यजमानांमागची. तिचा अंगठा मशीनला लागेना. आयुष्यभर भांडी घासून रेषा पुसल्यात. पुसला, फुंकर घातली, दुसरं बोट, तिसरं बोट. शेवटी मशीननं ती जिवंत असल्याचं मान्य केलं.

बाहेर पडताना तिनं विचारलं, "किती दिवसांची मिळाली रे मला?"

"बारा महिने."

"बाराच?" ताई पायरीवर थांबली. "त्याला तीस दिलेत."

फॉर्म कुठला भरायचा, ते मला सुचलं नाही.