जुळून मोडलेली प्रकरणं

नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा बी विंगेला वाटलं, आता हा माणूस सकाळी फिरायला जाईल आणि दुपारी झोपेल. पण त्याच सुमारास घरोघरी मोबाइलवर लागणारे दिवे आले आणि नानांची नोकरी पुन्हा सुरू झाली, बिनपगारी. खात्यात असताना तक्रार नोंदवून लोक वाट बघत बसायचे. हल्ली जिन्यात ‘बल्ब ऑफलाइन दाखवतोय’ एवढं कुजबुजायचा अवकाश, नाना दारात हजर. चष्मा कपाळावर, खिशात टेस्टर. टेस्टरचा वायफायशी काडीचा संबंध नाही, पण तो नसला तर त्यांना चुकल्यासारखं होतं.

“आधी जोडला गेला होता ना?” हा पहिला प्रश्न.

“हो नाना, मिचमिच करून जोडला गेला, ॲप ‘झालं’ म्हणालं. रात्री जेवायला बसलो आणि गेला.”

नानांचा चेहरा खुलतो. मुळात जुळतच नाही अशा बल्बात त्यांना रस नाही. तो कोणीही बघेल. फोन 5 गिगाहर्ट्‌झवर असतो, गरीब बल्बला 2.4च कळतं, संपला विषय. जुळून मोडलेलं प्रकरण मात्र ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

मग राउटरचा शोध. तो शोकेसमध्ये, पितळी समईच्या मागे सापडतो. बल्ब बाल्कनीत, मधे दोन भिंती आणि एक फ्रीज. “रात्री जेवताना गेला म्हणालात. मायक्रोवेव्हमध्ये काय गरम करत होता?” यजमानीणबाई उगाचच ओशाळतात. मायक्रोवेव्हच्या लहरीही 2.4च्याच आसपास, हे सांगताना नानांचा आवाज उलटतपासणी करणाऱ्या वकिलासारखा होतो. पुढे चॅनेल. 1, 6 आणि 11 हे तीनच एकमेकांच्या पायात येत नाहीत आणि अख्खी विंग 6वर गर्दी करून बसलेली! नानांनी वहीत मजलेवार वाटप केलंय. आपल्याला 11 आला म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना आपला अपमान झाल्यासारखं वाटलं. मग बल्बला राउटरमध्ये कायमचा आयपी पत्ता बांधून देणं. हे चाललेलं असताना पहिला चहा होतो, दुसरा होतो.

एवढं करून रात्री बल्ब पुन्हा जातो. कारण आजी. झोपताना त्या भिंतीवरचं बटण बंद करतात. बल्बाची वीजच गेली, तर तो राउटरशी बोलणार कशाने? “आजी, बटण चालूच ठेवायचं. दिवा फोनवरून विझवायचा.”

“बटण चालू ठेवून दिवा विझवायचा?” आजी सुनेकडे बघतात. “ह्यांना चहा दिलास ना?”

नानांनी बटणावर चिकटपट्टी लावून त्यावर ‘बंद करू नये’ असं लाल शाईत लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती पट्टी हळदीच्या पुडीवर होती.

नानांशी वाद घालून काही उपयोग नाही म्हटल्यावर लोक दिवे नीट वापरू लागतात आणि मग विंगेत भयाण शांतता पसरते. महिनाभर कुणाचं काही जात नाही. नाना जिन्यात दिसेल त्याला विचारतात, “चालू आहे ना सगळं?” ‘हो’ ऐकून खट्टू होतात. चहा घेता घेता यजमानांचा फोन मागून घेतात, ॲप वरखाली चाळतात.

“अरे वा, फर्मवेअरचा अपडेट आलाय की!”

“नाना, नको!” घरातले सगळे एकदम ओरडतात. पण तोवर त्यांचा अंगठा पडलेला असतो.