उतारवयातील सायकलस्वारी : फेरबदल आणि खुलासे

सायकलस्वाराला दोन वये असतात : जन्मदाखल्यावरचे आणि चढावरचे. पहिले दरवर्षी एकाने वाढते. दुसरे बरीच वर्षे जागचे हलत नाही आणि मग एखाद्या रविवारी पहाटे, कात्रजच्या जुन्या घाटात, बोगदा दिसायच्या आत एकदम दहाने वाढते. प्रस्तुत मार्गदर्शन या दुसऱ्या वयाविषयी आहे. उदाहरणे पुणे परिसरातली घेतली आहेत, कारण चढ आणि चढाविषयीची मते या दोहोंचा तेथे तुटवडा नाही.

वयानुरूप केलेल्या प्रत्येक फेरबदलाला दोन अंगे असतात. पहिले यांत्रिक, ते पाना हाती घेतल्यास अर्ध्या तासात उरकते. दुसरे खुलाशाचे. फेरबदलाचे खरे कारण वगळून तो गटातल्या मंडळींच्या गळी उतरवणे, याला खुलासा म्हणतात. नवशिका वृद्ध सगळा खर्च पहिल्या अंगावर करतो आणि दुसऱ्याची तयारी न करता रविवारी हजर होतो. त्याचे पुढे काय होते, हे सांगण्याची गरज नाही.

१. शरीर

हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा वयाबरोबर खाली येते. २२० मधून वय वजा करावे, हे जुने सूत्र; वयाला ०.७ ने गुणून तो आकडा २०८ मधून वजा करावा, हे नवे. चाळिशीत दोन्हींचे उत्तर १८० येते, त्यामुळे त्या वयात वाद होत नाही. साठीत जुने सूत्र १६० देते आणि नवे १६६. तेव्हा साठीचा स्वार विज्ञानाच्या प्रगतीचा कट्टर पुरस्कर्ता बनतो. दोन्ही सूत्रे सरासरीची आहेत, कोणा एकाच्या छातीची नव्हेत.

याखेरीज स्नायू घटतात, तहान उशिरा कळते आणि दमलेले पाय पूर्ववत व्हायला पूर्वीपेक्षा जास्त दिवस लागतात. हाडांच्या बाबतीत सायकल फारशी उपयोगी नाही, कारण शरीराचा बराचसा भार सीटच उचलते. म्हणून आठवड्यातून दोनदा वजने उचलणे आणि रोज चालणे आवश्यक ठरते. सायकलस्वाराला पायी चालताना पाहून कोणी विचारल्यास ‘सायकल दुरुस्तीला दिली आहे’ एवढे पुरे.

छातीत आवळल्यासारखे होणे, घेरी येणे आणि नेहमीच्या चढाला नेहमीपेक्षा जास्त धाप लागणे, या तीन लक्षणांना मात्र खुलासा नाही. तेथे थांबावे आणि डॉक्टर गाठावा.

२. चढणे आणि उतरणे

येथे घाट अभिप्रेत नसून सीट अभिप्रेत आहे. टांग मारताना पाय कॅरिअरवरून पलीकडे जाईनासा होतो, तेव्हा सायकल स्वतःच्या बाजूला बरीच कलती करून पाय टाकावा. तेही जमेनासे झाल्यास मधली नळी नसलेली, म्हणजे आपल्याकडे ‘लेडीज’ म्हणून ओळखली जाणारी सायकल घ्यावी. ‘नातीसाठी घेतली, तोवर वापरतो’ हा खुलासा नात स्वतःची सायकल घेऊन आली की कोसळतो. त्यापेक्षा नेदरलँड्समध्ये पुरुषही अशा सायकली चालवतात, हा खरा आणि टिकाऊ खुलासा वापरावा.

३. सीट आणि हँडल

सीटची उंची ठरवताना टाच पायडलवर ठेवावी. पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग पायडलवर चवडा ठेवल्यावर गुडघ्याला आपोआप हवा तेवढा, म्हणजे साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक येतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागून दुखत असेल तर वर. दोन्हीकडून दुखत असल्यास सीटला दोष देणे थांबवावे.

बसल्यावर मुंग्या येणे किंवा बधिरपणा जाणवणे, हे मांड्यांच्या मधल्या भागातील नसा दाबल्या जात असल्याचे लक्षण आहे. उपाय म्हणजे बैठकीच्या हाडांना आधार देईल इतकी रुंद आणि मध्ये खाच असलेली सीट. गादीसारखे जाड कव्हर दुकानात सुखावते आणि लांबच्या पल्ल्यावर आणखी रुतते.

हँडल दर काही वर्षांनी थोडे वर सरकते. कंबर, मान आणि मनगटे यांची ती एकत्रित मागणी असते. खुलासा : ‘खाली वाकून चालवलं की निसर्ग दिसत नाही.’ हा खुलासा करणाऱ्याने निदान दोन पक्ष्यांची नावे पाठ ठेवावीत.

४. गिअर आणि टायर

पुढच्या चक्राला ३४ दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रालाही ३४ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा नेमका एक फेरा होतो. उतारवयातील गुडघ्यांना हा व्यवहार मानवतो. जड गिअरवर मिनिटाला पन्नास फेरे रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर ऐंशीच्या आसपास फिरवल्यास गुडघ्यांवरचा ताण हृदय आणि फुप्फुसांत वाटला जातो. मागे ताटाएवढे चक्र दिसू लागल्यावर प्रश्न येतातच. ‘जुने झिजले, दुकानात हेच शिल्लक होते’ असे सांगून दोष दुकानदाराकडे वळवावा.

टायर २३ मिलिमीटरवरून ३२ वर न्यावा आणि हवा कमी ठेवावी. खड्ड्यांचे धक्के मणक्यापर्यंत पोहोचत नाहीत. शर्यतींतले व्यावसायिक स्वारही पूर्वीपेक्षा रुंद टायरांकडे वळले आहेत. खुलासा शोधावा न लागणारा हा एकमेव फेरबदल असल्याने पुष्कळ जण सुरुवात येथूनच करतात.

५. मार्ग

सिंहगड, बोपदेव आणि दिवे घाट यांच्याकडून हळूहळू खडकवासल्याच्या सपाटीकडे येणे, हा नैसर्गिक क्रम होय. तरीही घाटात जायचेच झाल्यास विसाव्याची सोय आधी करावी. थांबण्याची मान्य कारणे तीन : फोटो, फोन आणि चेन. फोटोसाठी समोर देखावा लागतो आणि फोनला रेंज लागते. चेन मात्र कोठेही पडू शकते. ती खरोखर पडली असे वाटावे म्हणून बोटांना थोडे ऑइल लावलेले असावे. एका घाटात चेन दोनदा पडली तर सहानुभूती मिळते. तिसऱ्यांदा पडल्यास कोणीतरी मदतीला येतो आणि प्रकरण उघडकीस येते.

६. गट आणि आहार

गटाबरोबर निघाल्यास मागे पडणे अटळ, म्हणून अर्धा तास आधी निघावे. ‘पुढे जाऊन मिसळीची ऑर्डर देतो’ हा खुलासा आजवर कोणी नाकारल्याचे ऐकिवात नाही. मिसळ, भजी आणि गडावरचे पिठलं-भाकरी यांनी खर्च झालेली ऊर्जा व्याजासह परत मिळते, एवढी नोंद पोटावर होत असतेच. पाण्यासाठी तहानेची वाट पाहू नये. ठरावीक वेळाने दोन घोट घ्यावेत.

वेगाऐवजी चिवटपणा दाखवायचा असल्यास ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचे अंतर पुरे करण्याच्या सायकलफेरीचा, विचार करावा. त्यात २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि पहिला-दुसरा असे क्रमांक लावले जात नाहीत. वेळमर्यादा वयानुसार सैल होत नाही, पण ताशी पंधरा किलोमीटरची सरासरी ठेवून चहा किती वेळा घ्यायचा, हे गणित तरुणांपेक्षा ज्येष्ठांना चांगले जमते.

७. बॅटरी

हा शेवटचा फेरबदल. २५० वॉटपर्यंतच्या मोटरची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न जाणारी विजेची सायकल भारतात मोटरवाहनांत मोडत नाही. नोंदणी आणि परवाना लागत नाही. कायद्याने तिला सायकल मानले असले तरी गट मानेलच असे नाही. म्हणून पहिले काही महिने ‘मोटर बंदच ठेवतो, फक्त वाऱ्यासाठी आहे’ असे म्हणावे. मात्र चढावर बोलत बोलत पुढे निघून जाणे टाळावे.

८. कमाल मर्यादा

फेरबदल कोठवर चालू ठेवता येतात, याचे उत्तर रोबेर मार्शां या फ्रेंच स्वाराने दिले आहे. १९११ मध्ये जन्मलेल्या मार्शां यांनी २०१४ मध्ये, वयाच्या १०२व्या वर्षी, पॅरिसजवळच्या बंदिस्त ट्रॅकवर एका तासात २६.९२७ किलोमीटर कापले. जानेवारी २०१७ मध्ये, १०५व्या वर्षी, त्यांनी तेथेच एका तासात २२.५४७ किलोमीटर केले. तीन वर्षांत चार किलोमीटरहून अधिक घट झाली. शेवटची दहा मिनिटे उरल्याची पाटी दिसली नाही, नाहीतर आणखी जोरात गेलो असतो, असे त्यांनी उतरल्यावर सांगितले.