पाचूबंदरचे पातेराव

वसईच्या पाचूबंदरात चाकू लागत नाही असं घर सापडणार नाही. पण चाकू निवडावा लागतो, आणि ती निवड घाईने करायची गोष्ट नव्हे, असं मानणारा माणूस आळीत एखादाच असतो. त्याचं खरं नाव काहीही असो, आपण त्याला पातेराव म्हणू. वय चाळिशीच्या पुढे. वडील तांडेल, आजोबा तांडेल, हे स्वतः चर्चगेटच्या बाजूला एका कचेरीत. समुद्राशी त्यांचा संबंध रविवारपुरता, तोही काठावरून. समुद्रावर न्यायच्या चाकूशी मात्र आठही प्रहर.

पातेराव रोजच्या वापरासाठी एक घडीचा चाकू घेणार आहेत. हे 'घेणार आहेत' वसई-विरार महापालिका व्हायच्या, म्हणजे 2009 च्या आधीपासून चालू आहे. मध्यंतरी 2014 साली ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला, 2020 साली मीरा-भाईंदर, वसई-विरारचं वेगळं पोलीस आयुक्तालय आलं, 2024 साली वसई किल्ल्याच्या जेटीवरून भाईंदरला रो-रो बोट सुरू झाली. चाकूचं अजून ठरायचं आहे.

याचा अर्थ त्यांच्याकडे चाकू नाहीत असा कुणी घेऊ नये. मिठाईच्या रिकाम्या डब्यात सातआठ तरी आहेत. पण ते सगळे 'तात्पुरते'.

त्यांचा हंगाम जून-जुलै. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, शाकारलेल्या, आणि माणसं ताडपत्रीखाली जाळी शिवत बसलेली. जाळं शिवणाऱ्या माणसाला उठून जाता येत नाही. व्याख्यात्याला याहून चांगला श्रोता कुठे मिळणार? पातेराव सुट्टीच्या सकाळी तिथे एखाद्या उलट्या टोपलीवर बसतात आणि खिशातून काहीतरी काढतात. खट्‌ असा आवाज होतो. जाळ्यावरची कुठलीही मान वर होत नाही.

"हा फ्रान्सचा," ते सुरुवात करतात. "ओपिनेल. 1890 पासून बनतोय. साव्हॉय म्हणून डोंगराळ मुलूख आहे, तिथल्या शेतकऱ्यांसाठी केलेला. बीचच्या लाकडाची मूठ, आणि ही फिरती कडी पाहा, 1955 साली बसवली. कडी फिरवली की पातं बोटांवर मिटत नाही."

"मग उघड," समोरून एक म्हातारा तांडेल म्हणतो.

इथे व्याख्यान अडतं. ओपिनेलच्या लाकडी मुठीला दमट हवा सोसत नाही. लाकूड फुगतं आणि पातं खाचेत घट्ट बसतं. साव्हॉयचे लोक अशा वेळी मुठीचं बूड टेबलावर आपटून पात्याचं टोक बाहेर काढतात. पातेराव ते बोटीच्या फळीवर आपटतात. पाचूबंदरचा जुलै हा साव्हॉयच्या कुठल्याही जुलैपेक्षा ओला असल्यामुळे बरंच आपटावं लागतं. तोवर तांडेलाने आपल्या चाकूने चार गाठी कापलेल्या असतात.

तांडेलाचा चाकू बघण्यासारखा असतो. लोखंड कापायच्या करवतीचं तुटलेलं पातं सहाणेवर घासून एका बाजूने धार काढलेली, मुठीच्या जागी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. किंमत शून्य. मोडला तर दुसरा, समुद्रात पडला तर तिसरा. पातेरावांना या चाकूचा मनापासून राग येतो, कारण त्यात निवडण्यासारखं काहीच नाही.

खरं तर तो मोठ्या विचाराने घडलेला असतो. आजचे दोर सुताचे नाहीत, नायलॉनचे आणि पॉलिप्रॉपिलीनचे आहेत. ओल्या नायलॉनवर गुळगुळीत धार घसरते, दातेरी धार त्याला चावते. बोटीच्या पंख्यात दोर गुंडाळला गेला की कुणालातरी पाण्यात उतरून तो कापावा लागतो, आणि तिथे पात्यावर कुठल्या गावचा शिक्का आहे हे मासेदेखील वाचत नाहीत. टोकाचंही तसंच. डोलत्या बोटीवर अणकुचीदार टोक दोराऐवजी शेजाऱ्याच्या मांडीत जातं. म्हणून जगभरच्या खलाशांचे जुने चाकू पुढून बोथट, मेंढीच्या खुरासारखे असत. हे पातेरावांना तोंडपाठ आहे. तरीही प्रत्येक नवा चाकू घेताना ते आधी टोक अंगठ्यावर टेकवून बघतात आणि खूश होतात.

दुसरा अध्याय पोलादाचा. इथे पातेराव खरोखर जाणकार आहेत, हे कबूल करायला हवं. साध्या कार्बन पोलादाला धार झकास लागते, पण खारं वारं लागलं की पात्यावर तांबूस ठिपके येतात. गंजत नाही असं पोलाद हवं तर त्यात क्रोमियम हवं. पण तेही खाऱ्या पाण्यापुढे फार दिवस मिजास करू शकत नाही. यावर स्पायडर्को नावाच्या अमेरिकी कंपनीने एच-वन नावाचं जपानी पोलाद वापरून चाकू काढले. त्यात कार्बनचं काम बहुतांशी नायट्रोजनकडून करून घेतलंय, त्यामुळे ते जवळपास गंजतच नाही. धार मात्र लवकर उतरते.

"म्हणजे गंजत नाही, पण कापतही नाही," तांडेल म्हणतो.

"तसं नाही काका, दातेरी पातं घेतलं तर…"

"ते माझ्याकडे आहे."

स्विस चाकूचा अध्याय ते जरा भक्तिभावाने सांगतात. कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिराने 1884 साली इबाख गावात कारखाना काढला, 1891 पासून स्विस सैन्याला चाकू पुरवले, आणि 1897 साली बूच काढायच्या मळसूत्रासकट तो प्रसिद्ध लाल चाकू नोंदवला. तीच आजची व्हिक्टोरिनॉक्स. पातेरावांकडच्या नगात कात्री, दातकोरणं, चिमटा आणि भिंग आहे. भिंगाने ते इतर चाकूंची धार तपासतात. रोजच्या कामाला चाकू घ्यायचा तर हाच घ्यावा, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे: पोलाद फार कडक नाही, म्हणून घरच्या दगडावर पाच मिनिटांत धार लागते, आणि पातं एवढं लहान की बघणारा घाबरत नाही. पण ते कुलूप होत नाही, उघडं पातं फक्त स्प्रिंगच्या ताणावर उभं राहतं, म्हणून पातेरावांनी तो बाद केला आहे. बाद केलेला हा एकच चाकू ते रोज वापरतात. आंबा कापायला.

खिशाला अडकवायची क्लिप हाही त्यांच्या आवडीचा विषय. ती 1981 साली त्याच स्पायडर्कोने आणली, तेव्हापासून चाकू खिशाच्या तळाशी किल्ल्यांबरोबर खुळखुळायचा थांबला. ही माहिती त्यांनी एकदा घरच्या म्हाताऱ्या काकांना दिली. काका जन्मभर सुरका नेसलेले. सुरक्याला खिसा नसतो. जुने कोळी चाकू गळ्यात किंवा कमरेला दोरीने बांधत, म्हणजे हात सुटला तरी चाकू पाण्यात जात नसे. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दोरीचा एक तुकडा पुढे केला.

रामपुरी चाकूचं नाव काढलं की पातेरावांच्या डोळ्यांत 'वक्त'मधला राजकुमार उभा राहतो. चित्रपट 1965 चा, म्हणजे त्यांच्या जन्माआधीचा, पण खटका दाबण्याची ती ऐट त्यांनी आरशासमोर बसवली आहे. उत्तर प्रदेश सरकारने नव्वदच्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्याचे चाकू बनवायला बंदी घातली आणि रामपूरचा धंदा बसला. पुढे 2023 साली त्याच रामपुरात चौकात सुमारे 20 फुटांचा चाकू स्मारक म्हणून उभारला. पातेराव याला न्याय म्हणतात.

कायदा त्यांना वकिलासारखा येतो. शस्त्र कायदा 1959 चा. त्याच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांची नोंद आहे, पण घरकामाची, शेतीची, कारखान्याची हत्यारं त्यातून वगळली आहेत. त्याशिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली वेळोवेळी हत्यारं बाळगायला मनाई होते. त्यामुळे चर्चगेटला जाताना पातेरावांचा खिसा रिकामा असतो. विमानात तर तीन इंचांचाही चाकू हातातल्या पिशवीत चालत नाही, तो सामानात टाकावा लागतो. एका प्रवासात सुरक्षा तपासणीच्या टेबलावर त्यांनी एक ठेवून दिला. त्याबद्दल ते फारसं बोलत नाहीत. फक्त "चांगला होता," म्हणतात.

इकडे बाजारात मावशी फूटभर कोयत्याने घोळीचे तुकडे पाडत असतात, लाकडाच्या ओंडक्यावर, एका हाताने, गिऱ्हाइकाशी भांडत. पातेराव जवळ जाऊन पोलाद कुठलं ते विचारतात.

"लोखंड," मावशी म्हणतात. "किती देऊ?"

या चाकूंचं घरात काय करायचं हा प्रश्न इतिहासाच्या धर्तीवर सुटला. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईतच इंग्रजांशी तह केला, राज्य नावाला ठेवलं आणि कारभार सोडला. पातेरावांच्या घरचा तह असाच. चाकू त्यांचे, डबा त्यांचा, पण तो कुठल्या फळीवर ठेवायचा, नवीन चाकू केव्हा आणायचा आणि बोंबील सोलायला कुठला घ्यायचा हे वहिनी ठरवतात. बोंबलाला वहिनी मोरली, म्हणजे विळीच घेतात.

या सगळ्यात पातेरावांनी एक काम मात्र निर्विवाद केलं आहे. बंदरावर कुणाच्या पात्याची धार गेली की ते आपल्या दगडावर लावून देतात: आधी खरखरीत बाजू, मग मऊ, मग पट्ट्याच्या उलट्या कातड्यावर दहाबारा हात. पैसे घेत नाहीत. करवतीच्या पात्याचा तो तांडेलाचा चाकूसुद्धा त्यांच्याच हातून धारेचा होतो. तांडेल हे चारचौघांत कबूल करत नाही, पण 31 जुलैला संध्याकाळी गुपचूप आणून देतो.

तुम्हाला चाकू घ्यायचा असेल तर पातेरावांना जरूर विचारा. जूनमध्ये जा, हातात काम घेऊन बसा, आणि किंमत शेवटी विचारा. फक्त त्यांच्याकडचा चाकू बघायला म्हणून मागू नका. ते लगेच देतील, आणि तो कसा पुसायचा हे सांगत वसई रोड स्टेशनपर्यंत सोबत येतील.